पाकिटावरील वेळेचा शिक्का

कोणत्याहि अपघाताची चौकशी सुरू झाली कीं पहिला प्रश्न येतो तो 'आधीं काय घडलें?' हा. पूल आधीं खचला कीं गाडी आधीं रुळावरून घसरली, तार आधीं तुटली कीं यंत्र आधीं बंद पडलें, या एका प्रश्नाच्या उत्तरावर दोषाची वांटणी अवलंबून असते, आणि पुढें काय सुधारावयाचें हेंहि त्यावरूनच ठरतें. साक्षीदार पुष्कळ असले, पण प्रत्येकाचें घड्याळ निराळी वेळ दाखवीत असलें, तर साक्षी जितक्या अधिक तितका गोंधळहि अधिक.

अशा गोंधळाचा अनुभव अमेरिका व कॅनडा या देशांना २००३ सालीं आला. १४ ऑगस्ट रोजीं दुपारीं चार वाजून गेल्यानंतर अमेरिकेच्या आठ राज्यांतील आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांतील सुमारें ५ कोटि लोकांची वीज गेली. निदान २६५ वीजकेंद्रें बंद पडलीं, आणि मुख्य पडझड अवघ्या कांहीं मिनिटांत आटोपली. दोन्ही सरकारांनीं मिळून चौकशीमंडळ नेमलें. त्याच्यापुढें पुराव्याची वाण नव्हती. ठिकठिकाणच्या यंत्रांनीं टिपलेल्या हजारों नोंदी त्याच्या हातीं आल्या होत्या. परंतु त्या कालक्रमानें लावतां लावतां तज्ज्ञ मेटाकुटीस आले. याचीं दोन कारणें मंडळाच्या एप्रिल २००४ च्या अंतिम अहवालांत दिलेलीं आहेत. कांहीं ठिकाणीं नोंद घेणारे संगणकच कामाच्या गर्दीनें मागें पडले होते. त्यामुळें घटना घडली एका क्षणीं आणि तिच्यावर वेळ पडली दुसऱ्याच क्षणीं. इतर कांहीं ठिकाणीं ज्या घड्याळावरून वेळ घेतली, तें घड्याळच राष्ट्रीय प्रमाणवेळेशीं जुळवलेलें नव्हतें. परस्परांशीं वेळ जुळलेलीं नोंदयंत्रें सक्तीचीं करावीं, अशी स्वतंत्र शिफारस मंडळास करावी लागली.

उशिरां मारलेला शिक्का आणि चुकीचें घड्याळ, असे हे दोन दोष आहेत. संगणकांच्या जाळ्यांत या दोन्ही दोषांवर आज इलाज उपलब्ध आहे. त्याचा अर्धा भाग सिलिकॉनचा व धातूचा आहे. उरलेला अर्धा केवळ अक्षरांचा, म्हणजे आज्ञावलीचा, आहे. पहिल्या भागाचें कौतुक पुष्कळ होतें. दुसरा भाग दृष्टीआड राहतो. परंतु तो नसेल तर पहिला मुका राहतो, आणि तो निष्काळजीपणें केलेला असेल तर पहिला खोटें बोलूं लागतो.

एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर लहान लहान तुकडे करून पाठविला जातो. अशा तुकड्यास 'पॅकेट' म्हणतात. मराठींत त्यास पाकीट म्हटलें तरी अर्थहानि होत नाहीं. कारण त्याच्यावरहि पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि आंत मजकूर असतो. आतां टपालकचेरींतील तारखेच्या शिक्क्याचा विचार करावा. पत्र हातीं येतांक्षणींच शिक्का मारला, तर त्यास पुराव्याची किंमत असते. टपालाची पिशवी कोपऱ्यांत पडून राहिली आणि कारकुनाला सवड झाली तेव्हां शिक्का मारला, तर त्यावरून पत्र केव्हां आलें तें समजत नाहीं. कारकुनाला सवड केव्हां झाली एवढेंच समजतें.

साध्या संगणकांत नेमकें हेंच घडतें. पाकीट प्रथम नेटवर्क कार्डाच्या दारांत येतें. कार्ड संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाला हांक मारतें. प्रक्रियक दुसऱ्या कामांत गुंतलेला असतो. शिवाय प्रत्येक पाकिटासाठीं हांक मारून त्याला सतावूं नये, म्हणून कार्डहि चार पाकिटें गोळा होईपर्यंत थांबतें. मग प्रक्रियक येतो, पाकीट उचलतो, आणि त्या क्षणाची वेळ त्यावर नोंदली जाते. या मधल्या अवधींत मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहालक्षांश, कितीतरी निघून जातात, आणि गर्दी असेल तर मिलिसेकंदहि जातात. हा उशीर ठराविक असता, तर तो वजा करून काम भागलें असतें. परंतु तो दर पाकिटागणिक बदलतो, आणि गर्दी जितकी अधिक तितका तो अधिक लहरी होतो. चौकशीची गरज ज्या क्षणीं पडते, तो क्षणच मुळीं गर्दीचा असतो.

यावर उपाय एकच: शिक्का कारकुनाच्या मेजावर न मारतां दारांतच मारावा. म्हणून कार्डाच्या आंतच एक घड्याळ बसविण्यांत आलें. पाकिटाचा आरंभ दारांतून आंत वा बाहेर जातांना त्या घड्याळांतील आंकडा तेथल्या तेथें टिपला जातो, आणि प्रक्रियक जागा आहे कीं दंग आहे, याच्याशीं त्याचा संबंध राहात नाहीं. येथें हिशेब नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशांचा, असतो. एका नॅनोसेकंदांत प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, आणि तांब्याच्या तारेंतील संदेश सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत, सरकतो.

पहिल्या दोषावर इलाज झाला. दुसरा दोष, म्हणजे घड्याळें जुळविण्याचा. रेडिओवरील ठोके ऐकून भिंतीवरचें घड्याळ लावणारा गृहस्थ ठोका वाटेंत किती वेळ होता, याचा विचार करीत नाहीं. त्याला त्याची गरजहि नसते. ज्याला नॅनोसेकंदांचा हिशेब ठेवावयाचा, त्याला मात्र वाटेचाच विचार आधीं करावा लागतो. संगणकांचीं घड्याळें जाळ्यावरून जुळविण्याची पद्धति डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें बसविली आणि १९८५ सालीं ती प्रसिद्ध झाली. इंटरनेटसारख्या दूरवरच्या जाळ्यावर तिनें कांहीं मिलिसेकंदांपर्यंत जुळणी साधते. कारखाने, वीजजाळें व प्रयोगशाळा यांना याहून कितीतरी सूक्ष्म जुळणी हवी होती. जॉन आयडसन यांनीं पुढाकार घेतलेली पद्धति २००२ सालीं आयट्रिपलई या विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेनें १५८८ या क्रमांकाचें प्रमाण म्हणून मान्य केली, आणि २००८ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. सेकंदाच्या अपूर्णांकांशीं झगडणाऱ्या या पद्धतीचें गणित शाळेंतील मुलालाहि समजण्यासारखें आहे.

समजा, एक प्रधान घड्याळ आहे व दुसरें अनुयायी. प्रधानानें आपल्या १०० व्या सेकंदास पाकीट पाठविलें, आणि अनुयायाला तें स्वतःच्या १०७ व्या सेकंदास मिळालें. नंतर अनुयायानें आपल्या १२० व्या सेकंदास उलट पाकीट पाठविलें, आणि प्रधानाला तें त्याच्या ११९ व्या सेकंदास पोंचलें. जातांना फरक ७ सेकंदांचा, आणि येतांना उणे १ सेकंदाचा. या दोहोंची बेरीज ६, तिचें अर्धे ३. हा झाला वाटेचा वेळ. दोहोंची वजाबाकी ८, तिचें अर्धे ४. याचा अर्थ अनुयायाचें घड्याळ ४ सेकंद पुढें आहे. वाट जातां-येतां सारखी असली म्हणजे झालें. मात्र या चार आंकड्यांपैकीं एक जरी शिक्का उशिरां पडला, तरी त्या उशिराचा अर्धा भाग थेट घड्याळाच्या चुकींत येऊन मिळतो. सारी इमारत शिक्क्यांच्या खरेपणावर उभी आहे.

असें हें शिक्का मारणारें कार्ड संगणकांत बसविलें, म्हणजे काम संपलें असें नव्हे. संगणकाची सारी व्यवस्था पाहणारी जी आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, म्हणतात. या प्रणालीला प्रत्येक उपकरणाची बोली येत नाहीं. ती समजावून देणाऱ्या लहान आज्ञावलीस 'ड्रायव्हर' हें नांव आहे. त्या शब्दावरून श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें मोटार हांकणारा मनुष्य उभा राहील. परंतु संगणकांतील ड्रायव्हर हा खरें पाहतां दुभाषी होय. दुभाष्याला 'शिक्का' हा शब्दच ठाऊक नसेल, तर कार्डानें टिपलेली वेळ कार्डांतच राहते व पुढच्या शिक्क्याखालीं पुसली जाते. कित्येक वर्षें बऱ्याच कार्डांची हीच स्थिति होती. कोणी कारखानदार आपली खासगी सोय करून देई, ती दुसऱ्याच्या कार्डास चालत नसे, आणि कार्ड बदललें कीं सारी आज्ञावली नव्यानें लिहावी लागे.

लिनक्स या सर्वांस खुल्या असलेल्या कार्यप्रणालींत ही अडचण दोन पायऱ्यांनीं दूर झाली. इंटेल कंपनींतील पॅट्रिक ओली यांनीं शिक्का मागण्याची व तो परत मिळण्याची एक सामायिक रीत लिहिली. ती लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तींत जून २००९ मध्यें दाखल झाली, आणि इंटेलच्या 'आयजीबी' या ड्रायव्हरनें ती प्रथम उचलली. शिक्का मिळूं लागला. परंतु कार्डांतील घड्याळ लावण्याची, मंद वा जलद करण्याची सामायिक सोय अजून नव्हती. ती रिचर्ड कॉक्रन यांनीं केली. त्यांच्या लिखाणाच्या अनेक आवृत्त्या उघड चर्चेंत तावूनसुलाखून निघाल्या, आणि जुलै २०११ मध्यें लिनक्स ३.० मध्यें कार्डाच्या घड्याळास प्रणालीच्या इतर घड्याळांच्या पंक्तीस बसविण्यांत आलें. तेव्हांपासून कार्ड कोणाचेंहि असो, त्याच्या ड्रायव्हरनें ठरलेल्या चार प्रश्नांचीं उत्तरें दिलीं कीं वरची घड्याळ जुळविणारी आज्ञावली एकच चालते. वेळ काय, वेळ लाव, इतकी पुढें-मागें सरकव, आणि चाल इतकी बदल, एवढेंच तें संभाषण आहे.

संभाषण लहान आहे. परंतु दुभाष्याचें काम किती जोखमीचें आहे, तें पुढील गोष्टींवरून ध्यानांत येईल.

पहिली जोखीम घड्याळ वाचण्याची. कार्डांतील वेळेचा आंकडा लांबलचक असतो. तो एका दमांत वाचतां येत नाहीं, दोन भागांत वाचावा लागतो. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, नऊ वाजून एकोणसाठ मिनिटें झालीं असतां एकानें प्रथम तासकांट्याकडे पाहिलें व नऊ हा आंकडा मनांत धरला; मग मिनिटकांट्याकडे पाहीपर्यंत दहा वाजले. त्याच्या मतें आतां नऊ वाजून शून्य मिनिटें झालेलीं आहेत! एका तासाची चूक, आणि घड्याळ मात्र निर्दोष. यासाठीं कार्डांत अशी सोय असते कीं, खालचा भाग वाचतांच वरचा भाग जागच्या जागीं धरून ठेवला जातो. परंतु ड्रायव्हरनें वाचनाचा तोच क्रम पाळला पाहिजे, आणि एकाचें वाचन चाललें असतां दुसऱ्यास मध्यें येऊं देतां कामा नये.

दुसरी जोखीम घड्याळ फिरून शून्यावर येण्याची. इंटेलच्या ८२५८० या कार्डांतील घड्याळ नॅनोसेकंद मोजतें, परंतु त्यास अंक ४० च, आणि तेहि दोनच्या पाढ्यांतले. त्यामुळें सुमारें १८.३ मिनिटांनीं तें भरतें व पुन्हा शून्यापासून सुरू होतें. मग सकाळपासून किती फेरे झाले, याचा जमाखर्च ड्रायव्हरलाच ठेवावा लागतो. त्यासाठीं दर अर्ध्या फेऱ्याच्या, म्हणजे सुमारें नऊ मिनिटांच्या, आंत निदान एकदां तरी तें घड्याळ त्यानें पाहिलेंच पाहिजे. पाहण्यास चुकला, तर पुढील सारे शिक्के अठरा मिनिटांनीं खोटे ठरण्याचा संभव असतो.

तिसरी जोखीम शिक्का मारण्याच्या जागेची. शिक्का दारांत पडतो खरा. परंतु तो बहुधा दाराच्या आंतल्या उंबऱ्यावर पडतो, बाहेरच्या नव्हे. मध्यें तारेवरील संदेशाचें अंकांत रूपांतर करणारा भाग असतो, आणि त्यांतून जाण्यास वेळ लागतो. इंटेलच्या आय२१० कार्डासाठीं लिनक्सच्या ड्रायव्हरमध्यें हे आंकडे लिहून ठेवलेले आहेत: १००० मेगाबिट वेगावर बाहेर जातांना १७८ व आंत येतांना ४४८ नॅनोसेकंद, १० मेगाबिट वेगावर अनुक्रमें ९,५४२ व २०,६६२. ४४८ नॅनोसेकंद म्हणजे तारेची जवळ जवळ ९० मीटर लांबी. ही दुरुस्ती एका टोकास केली व दुसऱ्या टोकास राहून गेली, तर मंद वेगाच्या तारेवर घड्याळ ५,५६० नॅनोसेकंदांनीं चुकतें, आणि चुकलें आहे याचा मागमूस कोठेंहि लागत नाहीं. कारण वरच्या आज्ञावलीच्या दृष्टीनें सारें गणित बरोबरच असतें.

चौथी जोखीम सर्वांत नाजूक आहे. बाहेर जाणाऱ्या पाकिटाचा शिक्का पाकिटावर उमटविण्यास अवसर नसतो. पाकीट तर निघून गेलें. म्हणून तो कार्डांतील एका लहान कप्प्यांत ठेवला जातो, आणि ड्रायव्हरनें तो तेथून उचलून ज्या पाकिटाचा त्याच्या नांवावर टाकावयाचा असतो. कित्येक कार्डांत हा कप्पा एकच आहे. पहिल्या पाकिटाचा शिक्का अजून उचलला नाहीं तोंच दुसऱ्या पाकिटानें शिक्का मागितला, तर काय करावें? आणि कार्डानें कांहीं कारणानें शिक्का टिपलाच नाहीं, तर किती वेळ वाट पाहावी? शिक्का उशिरां आला आणि तो चुकून पुढच्या पाकिटास चिकटविला गेला, तर वेळ खरी, पाकीट खरें, परंतु दोहोंचा संबंध खोटा, अशी स्थिति होते. 'आयजीबी' ड्रायव्हर येथें सरळ मार्ग पत्करतो. कप्पा गुंतलेला असेल, तर दुसरें पाकीट तो शिक्क्यावांचून जाऊं देतो आणि 'एक शिक्का गाळला' अशी स्वच्छ नोंद ठेवतो. १५ सेकंदांत शिक्का आला नाहीं, तर आशा सोडून कप्पा मोकळा करतो. वरची आज्ञावली अशा वेळीं पुढच्या पाकिटाची वाट पाहते, आणि जुळणी चालू राहते.

या वागण्यांतील मर्म विचार करण्यासारखें आहे. शिक्का नसलेलें एखादें पाकीट व्यवहारास परवडतें, कारण उणीव दिसते आणि दिसणारी उणीव भरून काढतां येते. खोटा शिक्का मात्र खऱ्यासारखाच दिसतो. यासाठींच कार्डाची कुवत काय, असें विचारलें असतां जें येतें तेवढेंच ड्रायव्हरनें सांगावें लागतें. आंत येणाऱ्या पाकिटांवर शिक्का मारतां येतो, पण बाहेर जाणाऱ्यांवर येत नाहीं, असें असेल तर तसेंच सांगावें लागतें. शेवटीं पडताळा घेतात तोहि शब्दांवर विसंबून नव्हे. दोन कार्डांच्या घड्याळांतून दर सेकंदास एक ठोका बाहेर काढतात, आणि ते दोन ठोके मापकाच्या पडद्यावर एकमेकांशेजारीं ठेवून त्यांतील अंतर डोळ्यांनीं पाहतात.

एवढ्या सूक्ष्मपणाचा उपयोग कोणास, असा प्रश्न साहजिक आहे. प्रथम वीजजाळ्यास. भारतांत विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें घेतो. दूरदूरच्या ठिकाणीं त्या लहरीचा कोन एकाच क्षणीं मोजून जाळ्यावरील ताण ओळखतात. घड्याळ सुमारें ३२ मायक्रोसेकंद चुकलें, तर केवळ त्या चुकीनेंच मापनांत शेंकडा १ चा दोष येतो, आणि मापनयंत्राचा इतर दोष त्यावर वेगळा. यासाठीं वीजकेंद्रांकरितां या पद्धतीचें खास प्रमाण २०११ सालीं निघालें व त्यांत १ मायक्रोसेकंदाचें उद्दिष्ट धरलें गेलें. दहा मेगाबिट वेगावरील ती विसरलेली दुरुस्ती या मर्यादेच्या पांचपटींहून अधिक होते, हें येथें आठवावें. भारतांत ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं वीजजाळें कोसळलें. पहिल्या दिवशीं उत्तर विभाग, व दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग अंधारांत गेले. महाराष्ट्र ज्यांत मोडतो तो पश्चिम विभाग दोन्ही दिवस तगला. बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुटली आणि पुढची मालिका सुरू झाली, असें चौकशींत निष्पन्न झालें. एक वाहिनी सुटल्यावर दुसरी सुटण्यास जेथें सेकंदहि लागत नाहीं, तेथें कारण कोणतें व परिणाम कोणता, हें सांगणारा साक्षीदार घड्याळावांचून दुसरा नाहीं.

पैशाच्या बाजारांतहि हीच गोष्ट. युरोपांत ३ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनीं अतिजलद सौदे करणाऱ्यांच्या घड्याळांस जागतिक प्रमाणवेळेपासून १०० मायक्रोसेकंदांहून अधिक ढळण्यास मज्जाव केला. एखादा सौदा दुसऱ्याच्या आधीं झाला कीं नंतर, यावर जेथें लबाडी कीं योगायोग हें ठरावयाचें, तेथें न्यायाचा आधार हा शिक्काच.

२००३ सालच्या चौकशीमंडळापुढें नोंदी होत्या, परंतु त्या उशिरांच्या व बेमेळ होत्या. म्हणून हजारों साक्षी असूनहि निवाडा दुष्कर झाला. आज कार्डाच्या दारांत नॅनोसेकंदांत मोजणारें घड्याळ बसलेलें आहे. तरीहि त्याची साक्ष खरी ठरते ती आंकडा योग्य क्रमानें वाचणाऱ्या, फेऱ्यांचा जमाखर्च ठेवणाऱ्या, उंबऱ्याचें अंतर वजा करणाऱ्या, आणि शिक्का हातीं नसतां 'नाहीं' असें सांगणाऱ्या एका लहानशा आज्ञावलीमुळें. संध्याकाळीं घरांत दिवा लागतो तेव्हां तिची आठवण कोणास होत नाहीं, आणि होण्याचें कारणहि नाहीं. परंतु दिवा गेला आणि 'आधीं काय घडलें?' हा प्रश्न उभा राहिला, म्हणजे उत्तर देण्यास तीच पुढें यावयाची.